स्टेम सेल विकत घेण्याआधी तिच्या शेजाऱ्यांची चौकशी करा

विभाग: विज्ञान आणि आरोग्य

पेशीवेल्हाळ

गुडघेदुखीच्या धाग्यावर "एक्सोसोम म्हणजे नक्की काय टोचतात?" असा प्रश्न आला होता. उत्तर लिहायला घेतलं आणि ते मूळ धाग्यापेक्षा लांबलं, म्हणून वेगळा धागा काढतेय. मी प्रयोगशाळेत आतड्याच्या पेशी वाढवते, डॉक्टर नाही. त्यामुळे सुरुवात आतड्यापासून. गुडघ्याकडे येऊच.

मूलपेशी (स्टेम सेल, म्हणजे विभागून नव्या पेशी पुरवणारी पेशी) म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक अंगभूत शक्ती असलेली पेशी येते. शरीरात सोडली की बिघाड शोधत जाईल आणि दुरुस्ती करेल. जाहिराती याच समजुतीवर चालतात. प्रत्यक्षात मूलपेशी मूलपेशी राहते ती शेजाऱ्यांच्या जिवावर. १९७८ मध्ये स्कोफिल्ड यांनी रक्ताच्या मूलपेशींबद्दल ही कल्पना मांडली: अस्थिमज्जेत एक विशिष्ट जागा असते, आणि त्या जागेत आहे तोवरच पेशीचं मूलपण टिकतं. त्या जागेतल्या पेशी नेमकं काय पुरवतात, हे उलगडायला पुढची कित्येक वर्षं गेली. उत्तराचा मोठा भाग म्हणजे स्रवणारी प्रथिनं. एका पेशीने बाहेर सोडायची, दुसरीने आपल्या अंगावरच्या ग्राहकाने (रिसेप्टरने) पकडायची.

आतड्यात हे फार छान दिसतं. लहान आतड्याचं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं. अस्तरात बारीक खळगे असतात आणि त्यांच्या तळाशी मूलपेशी. २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या ह्युब्रेख्ट संस्थेत निक बार्कर आणि हान्स क्लेव्हर्स यांनी एलजीआर५ या खुणेवरून त्या ओळखून काढल्या. उंदराच्या एका खळग्यात अशा साधारण पंधराएक पेशी, आणि त्या रोज विभागतात! तोवर मूलपेशी म्हणजे निवांत झोपलेली, क्वचित जागी होणारी पेशी असंच मानत होते.

दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, त्याच प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी अशी एकच पेशी घेऊन तिच्यापासून ताटलीत छोटंसं आतडं वाढवलं. खळगे, उंचवटे, सगळं जागच्या जागी. भोवती ना रक्तवाहिनी, ना स्नायू. दिलं काय, तर आधाराला एक जेली आणि तीन प्रथिनं: ईजीएफ, नॉगिन आणि आर-स्पॉन्डिन. ईजीएफ विभागायला लावतं. नॉगिनचं काम बीएमपी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला अडवायचं; बीएमपी वरच्या भागात जास्त असतं आणि "आता मोठी हो, कामाला लाग" असं सांगतं.

तिसरं आर-स्पॉन्डिन. हे माझं आवडतं, म्हणून जरा रेंगाळते. खळग्याच्या तळाशी मुख्य हुकूम डब्ल्यूएनटी प्रथिनांचा चालतो. ते मिळालं की मूलपेशी मूलपेशी राहते. पण डब्ल्यूएनटीचा निरोप पोचला की ती पेशी स्वतःच झेडएनआरएफ३ आणि आरएनएफ४३ अशी दोन प्रथिनं बनवते, आणि ही दोघं डब्ल्यूएनटीचे ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावरून काढून आत नेऊन नष्ट करतात. निरोप मिळाला की निरोप ऐकण्याची सोयच कमी करायची. आर-स्पॉन्डिन एका हाताने मूलपेशीच्या अंगावरचं एलजीआर५ धरतं, दुसऱ्या हाताने या मारेकऱ्यांपैकी एकाला, आणि त्यालाच पृष्ठभागावरून हटवतं. ग्राहक वाचतात, हुकूम चालू राहतो. म्हणजे आर-स्पॉन्डिन स्वतः "वाढ" म्हणत नाही. ते वाढीवरचा लगाम सैल करतं.

ताटलीत डब्ल्यूएनटी बाहेरून का द्यावं लागलं नाही? कारण वाढत्या आतड्यात मूलपेशींना खेटून पानेथ पेशी तयार होतात आणि त्याच डब्ल्यूएनटी३ स्रवतात. हे २०११ मध्ये कळलं. गंमत अशी की उंदराच्या शरीरातून पानेथ पेशी जनुकीय युक्तीने काढून टाकल्या तरी मूलपेशी जगतात, कारण अस्तराखालच्या पेशीही तेच पुरवतात. निसर्गाने एका शेजाऱ्यावर भिस्त ठेवलेली नाही.

डब्ल्यूएनटी मोठं खोडकर प्रथिन आहे. पेशीतून बाहेर पडण्याआधी त्याला एक स्निग्धाम्ल चिकटवलं जातं, त्यामुळे ते पाण्यात धड विरघळत नाही. शुद्ध, काम करणारं डब्ल्यूएनटी३ए वेगळं काढायला २००३ साल उजाडलं. स्टॅनफर्डला रूल नुसे यांच्या प्रयोगशाळेत डिटर्जंट वापरून ते जमलं. खुद्द जनुक नुसे आणि व्हार्मस यांनी १९८२ मध्येच शोधलं होतं! या चिकटपणामुळे ते लांब पसरत नाही. पेशीच्या अंगालाच राहतं आणि पेशी विभागली की दोघींत वाटलं जातं. दोन-चार विभागण्यांत इतकं पातळ होतं की पेशीचं मूलपण संपतं. कोण मूलपेशी राहणार आणि कोण नाही, हे बरंचसं कोण कुठे उभं आहे यावर ठरतं.

आजही आमच्यासारख्या बऱ्याच प्रयोगशाळा डब्ल्यूएनटी बनवणाऱ्या पेशी पाळतात आणि त्यांचं जुनं पोषकद्रव्य गाळून वापरतात. दर खेपेला त्याची ताकद वेगळी भरते. हा मुद्दा ध्यानात ठेवा, गुडघ्याच्या इंजेक्शनशी त्याचा थेट संबंध आहे.

---

कोकणकडा

वाचनखूण साठवली. सावकाश वाचून प्रश्न विचारतो.

---

शंकासुर

लेख आवडला. बाळबोध प्रश्न: केमोथेरपीत आतड्याचं अस्तर सोलवटतं, क्रोन्स या आतड्याच्या आजारात जखमा होतात. मग आर-स्पॉन्डिन टोचा आणि लगाम सैल करा. अडलंय कुठे?

---

पेशीवेल्हाळ

@शंकासुर, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. २००५ मध्ये नेमकं हेच केलं गेलं. उंदरांत मानवी आर-स्पॉन्डिन१ वाढवल्यावर आतडं फुगून जाडजूड झालं, आणि केमोने होणारी आतड्याची हानीही कमी झाली. मथळे झकास होते.

अडलं कॅन्सरवर. मोठ्या आतड्याच्या सुमारे ८० टक्के कॅन्सरमध्ये एपीसी हे जनुक बिघडलेलं असतं. त्याचं काम डब्ल्यूएनटीचा निरोप पेशीच्या आत दाबून धरायचं. ते गेलं की बाहेरून कोणी काही न सांगताही पेशी "तळाशीच आहे" असं समजून विभागत राहते. शिवाय काही गाठींत आर-स्पॉन्डिनचीच जनुकं तुटून भलतीकडे जोडली गेलेली सापडतात. २०१२ च्या एका अभ्यासात असा बिघाड साधारण १० टक्के गाठींत दिसला. म्हणजे जे प्रथिन आपण औषध म्हणून द्यायचं म्हणतोय, तेच स्वतः बनवायला शिकून काही गाठी जगतात. पन्नाशीच्या माणसाच्या आतड्यात बिघडू घातलेल्या चार पेशी आधीच असू शकतात. त्यांना खतपाणी कोण घालणार?

उलट दिशेने जाऊन बघितलं तेव्हा वेगळीच पंचाईत झाली. डब्ल्यूएनटीचे ग्राहक अडवणारी व्हँटिक्टुमॅबसारखी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) कॅन्सरच्या रुग्णांना चाचण्यांत दिली, तर काहींची हाडं किरकोळ कारणाने मोडायला लागली. आतड्यात जो निरोप, तोच हाडात. हाडांबद्दल मी गप्प बसते, इथे जाणकार आहेत.

---

हाडवैद्य

हाक मारलीत म्हणून आलो. तीस वर्षं हाडं जोडतोय. हाडांतली डब्ल्यूएनटीची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत समाधानाची वाटते, कारण ती बाजारात आलेल्या औषधापर्यंत पोचली. तीही मूलपेशी न टोचता.

दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानर कुटुंबांत स्क्लेरोस्टिओसिस नावाचा दुर्मिळ आजार आहे. हाडं वाढतच राहतात. माणसं उंच, जबडा भक्कम, हात-पाय सहसा मोडत नाहीत. पण कवटी जाड होत जाऊन नसा दाबते, चेहरा लुळा पडतो, ऐकू येणं जातं. नेदरलँड्समधल्या उर्क या मासेमारीच्या गावात त्याचा सौम्य भाऊबंद सापडतो. २००१ मध्ये कारण मिळालं: एसओएसटी जनुक. त्यातून स्क्लेरोस्टिन बनतं. हाडात गाडल्या गेलेल्या अस्थिपेशी ते स्रवतात, आणि ते डब्ल्यूएनटीच्या सहग्राहकाला धरून नवं हाड घालणाऱ्या पेशींना थोपवतं. या माणसांत ते बनतच नाही.

महत्त्वाची खूण दिली ती त्यांच्या नातेवाइकांनी. ज्यांच्यात जनुकाची एकच प्रत बिघडलेली असते, त्यांची हाडं घट्ट असतात आणि त्रास काही नाही. तेव्हा स्क्लेरोस्टिन अर्धवट अडवलं तर? त्यातून रोमोसोझुमॅब हे प्रतिपिंड आलं. २०१६ च्या मोठ्या चाचणीत ७१८० स्त्रिया होत्या, पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या. वर्षभरात मणक्याचे नवे अस्थिभंग ७३ टक्क्यांनी घटले. २०१९ मध्ये आधी जपानने, मग अमेरिकेने मान्यता दिली. महिन्याला एकदा, बारा महिने, मग थांबायचं. नवं हाड घालण्याचा जोर पहिल्या काही महिन्यांतच ओसरत जातो. पुढे हाडाची झीज रोखणारं दुसरं औषध द्यावं लागतं, नाहीतर कमावलेलं हाड हातचं जातं.

आता दुसरी बाजू. २०१७ च्या चाचणीत अॅलेंड्रोनेट या हाडांच्या जुन्या औषधाशी तुलना केली, तेव्हा पहिल्या वर्षात हृदय आणि मेंदूच्या गंभीर घटना २.५ टक्क्यांना झाल्या, अॅलेंड्रोनेटवाल्यांत १.९ टक्क्यांना. म्हणून वर्षभरात हार्ट अॅटॅक किंवा पक्षाघात झालेल्याला हे औषध द्यायचं नाही. स्क्लेरोस्टिन रक्तवाहिन्यांतही असतं, तिथे ते काय करतं यावर वाद चालू आहे.

अवांतर: हाडावर भार पडला की अस्थिपेशी स्क्लेरोस्टिन कमी सोडतात, अंथरुणाला खिळलं की वाढतं. तेव्हा माझ्या पेशंट आज्ज्यांनो, जिने चढा. फुकट आहे.

---

मनस्वी_डोंबिवली

डॉक्टर, गुडघे दुखत असतील तर जिने चढा असं म्हणणारे तुम्ही पहिलेच!

---

हाडवैद्य

हाडं ठिसूळ असतील तर म्हणालो, गुडघे झिजले असतील तर नव्हे. दोन्ही असेल तर सपाटीवर चाला आणि मांडीचे स्नायू बळकट करा.

---

तिसरीघंटा

मी काही वर्षांपूर्वी रक्ताच्या मूलपेशी दान केल्यात, त्यामुळे "शेजारी" वाचून कान टवकारले. नोंदणीत नाव होतं, कोणाशी तरी जुळलं, फोन आला. लोकांना वाटतं पाठीच्या मणक्यात सुई खुपसतात. तसं काही नसतं. सलग काही दिवस दंडात किंवा पोटावर जी-सीएसएफचं इंजेक्शन, मग एका हातातून रक्त काढून यंत्रातून फिरवून दुसऱ्या हातात परत. कमरेची आणि छातीची हाडं सणकून ठणकली, तापासारखं वाटलं, पॅरासिटॅमॉलवर भागलं. नंतर काहीच त्रास नाही.

मला तेव्हा सांगितलं होतं की इंजेक्शनने मूलपेशी "वाढून बाहेर सांडतात". हे बरोबर आहे का?

---

रक्तपेढीवाला

@तिसरीघंटा, आधी तुम्हाला सलाम. मुलीला चार दिवस ताप असला की आपण घाबरतो आणि तुम्ही अनोळखी माणसासाठी हाडं ठणकवून घेतलीत.

वाढतात हे खरं, पण बाहेर का पडतात ते जास्त मजेशीर आहे. मज्जेतल्या आधारपेशी सीएक्ससीएल१२ नावाचं प्रथिन स्रवतात आणि मूलपेशी त्याच्या ओढीने तिथे थांबून असते. जी-सीएसएफ मुळात पांढऱ्या पेशी वाढवणारं प्रथिन. मेलबर्नच्या डोनाल्ड मेटकाफ यांच्यासारख्यांनी आयुष्य वेचून या जातीची प्रथिनं शोधली, १९९१ पासून ते औषध म्हणून मिळतं. ते टोचलं की मज्जेतलं सीएक्ससीएल१२ घटतं. उंदरांवर एक फार सुंदर प्रयोग झाला: मूलपेशींवरचा जी-सीएसएफचा ग्राहकच काढून टाकला. तरी त्या रक्तात आल्या! म्हणजे इंजेक्शनचं बोलणं मूलपेशीशी नाहीच, शेजाऱ्यांशी. भाडेकरूला कोणी हात लावत नाही, घरमालकाकडून नळ बंद करवतात.

हे कळल्यावर सरळ रस्ताही सापडला. प्लेरिक्साफोर हे औषध एचआयव्हीसाठी बनवत होते, कारण सीएक्ससीएल१२ चा ग्राहक विषाणूही वापरतो. एचआयव्हीत ते चाललं नाही, पण ज्यांना दिलं त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी अचानक वाढलेल्या दिसल्या. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली: लिम्फोमा किंवा मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या ज्या रुग्णांच्या मूलपेशी नुसत्या जी-सीएसएफने पुरेशा बाहेर येत नाहीत, त्यांना दोन्ही मिळून देतात.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. थ्रोम्बोपोएटिन. नावावरून प्लेटलेट वाढवणारं, पण रक्ताच्या मूलपेशी टिकवायलाही तेच लागतं. ज्या मुलांत त्याचा ग्राहक जन्मतः बिघडलेला असतो, त्यांच्यात आधी फक्त प्लेटलेट कमी असतात आणि काही वर्षांत सगळी मज्जा रिकामी होत जाते. १९९० च्या दशकात प्रयोगशाळेत बनवलेलं थ्रोम्बोपोएटिनसारखं प्रथिन निरोगी स्वयंसेवकांना टोचलं. काहींच्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडं केली, आणि ती त्यांच्या स्वतःच्या थ्रोम्बोपोएटिनवरही उलटली. प्लेटलेट वाढवायला गेले आणि होत्या त्याही गेल्या. ते काम १९९८ मध्ये बंद पडलं. "नैसर्गिक प्रथिन आहे, अपाय कसा होईल?" असं कोणी म्हणालं की मी हे उदाहरण देतो.

मग आलं एल्ट्रोम्बोपॅग. साधी गोळी. दिसायला थ्रोम्बोपोएटिनसारखी अजिबात नाही, पण त्याच ग्राहकाला दुसऱ्या जागी चिकटून तोच निरोप देते. २०१२ मध्ये अप्लास्टिक अॅनिमियाचे (यात मज्जा रिकामी होते) २५ रुग्ण, ज्यांच्यावर आधीचे उपचार फसले होते, त्यांना ही गोळी दिली. ११ जणांत किमान एका प्रकारच्या रक्तपेशी सुधारल्या, काहींत तिन्ही. रिकाम्या मज्जेत उरल्यासुरल्या मूलपेशींना उठवता आलं. आता ती सुरुवातीच्या उपचारातही देतात. खर्चाचं विचारू नका, पण दाता न जुळणाऱ्या घरांसाठी ही गोळी म्हणजे काय, ते मी रोज पाहतो.

---

शंकासुर

@रक्तपेढीवाला, थॅलेसेमियाला यातलं काही चालतं का? आमच्या उल्हासनगरात घरटी कोणीतरी वाहक निघतो.

---

रक्तपेढीवाला

सिंधी समाजात वाहकांचं प्रमाण जास्त आहेच, तेव्हा लग्नाआधी एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ची तपासणी करा हे पहिलं. औषधात लस्पॅटरसेप्ट आहे. टीजीएफ-बीटा कुटुंबातली काही प्रथिनं लाल पेशींची वाढ शेवटच्या टप्प्यावर अडवतात. हे औषध त्या प्रथिनांना रक्तातच धरून ठेवतं. मूलपेशीवर नव्हे, तिच्या बऱ्याच पुढच्या पिढीवर काम. चाचणीत २१.४ टक्के रुग्णांची रक्ताची गरज किमान एक तृतीयांशाने कमी झाली, नुसतं पाणी टोचलेल्यांत ४.५ टक्क्यांची. म्हणजे पाचात एक. बरा करणारा उपाय अजून मज्जा प्रत्यारोपणच, आणि आता थोडंफार जनुकोपचार.

---

मनस्वी_डोंबिवली

आता माझ्या प्रश्नाचं बघा की! मूळ धाग्यावर मीच विचारलं होतं. सासूबाई ६८ वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले. एका क्लिनिकने "स्टेम सेल एक्सोसोम" चे तीन डोस सांगितले, आकडा लाखांत. म्हणाले पेशी टोचत नाही त्यामुळे धोका शून्य, फक्त पेशींनी सोडलेली चांगली प्रथिनं. वरचं सगळं वाचून तर मला उलट वाटायला लागलं की प्रथिनांतच खरी जादू आहे. मग घ्यावं का?

---

पेशीवेल्हाळ

@मनस्वी, जाहिरात जमते ती इथेच. त्यांचं अर्धं वाक्य खरं आहे. मज्जेतून किंवा नाळेतून काढलेल्या मेझेन्कायमल नावाच्या पेशी टोचल्या की त्या कूर्चा (सांध्यातलं मऊ हाड) बनून बसतात, असं सुरुवातीला वाटलं होतं. नंतर दिसलं की बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. जो काही परिणाम दिसतो तो त्यांनी जाता जाता सोडलेल्या प्रथिनांचा आणि पुटिकांचा (इवल्याशा पिशव्यांचा). एक्सोसोम म्हणजे त्यातल्या बारीक पुटिका, आत प्रथिनं आणि आरएनए. हे खरं विज्ञान आहे आणि आपल्याकडेही चालतं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या एका गटाने २०१८ मध्ये दाखवलं की तरुण मेझेन्कायमल पेशींच्या पुटिका दिल्या की म्हाताऱ्या उंदरांच्या रक्तमूलपेशी पुन्हा तरतरीत होतात. मला तो शोधनिबंध फार आवडतो. पण तो उंदराच्या मज्जेबद्दल आहे, ६८ वर्षांच्या बाईंच्या गुडघ्याबद्दल नाही.

वर आलेली औषधं आणि ती बाटली यांतला फरक बघा. रोमोसोझुमॅब म्हणजे एक रेणू, त्याचं एक लक्ष्य, मिलिग्रॅममध्ये मोजलेला डोस, हजारोंवर चाचणी, दुष्परिणाम छापलेले. बाटलीत शेकडो प्रथिनं, कोणतं किती ते माहीत नाही, दर खेपेला वेगळं. मी माझ्या ताटलीत ज्या द्रव्याची ताकद दर वेळी तपासून घेते, त्याच जातीचं द्रव्य कोणी न मोजता सांध्यात सोडणार, आणि वर "धोका शून्य" म्हणणार. नेब्रास्कात एक्सोसोम टोचलेल्या काही रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

---

कोकणकडा

इतकं टोकाचं नको हो. माझ्या काकांनी गुडघ्यात पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन) आणि नंतर असंच काहीतरी घेतलं. आधी काठी लागायची, आता देवळापर्यंत जातात. अनुभव खोटा म्हणायचा का?

---

हाडवैद्य

अनुभव खरा आहे. कारण वेगळं असू शकतं. गुडघेदुखी चढउताराची असते. माणूस क्लिनिकमध्ये जातो ती सगळ्यात वाईट दिवसांत, नंतर आपसूक थोडी उतरते. शिवाय सांध्यात नुसतं सलाइन टोचलं तरी बऱ्याच जणांना महिनोन्महिने बरं वाटतं, हे चाचण्यांत पुन्हापुन्हा दिसलंय. म्हणूनच तुलनेला दुसरा गट लागतो. काका चालताहेत, चालू द्या. फक्त त्यांच्या चालण्यावरून मनस्वींच्या सासूबाईंचे लाख ठरवू नका.

पेशीवेल्हाळ ताईंच्या म्हणण्यात एक भर: "गुडघ्यात पेशी म्हणजे सगळी फसवणूक" असंही नाही. स्टेम्प्यूसेल या बेंगळुरूत बनणाऱ्या, दात्यांच्या मज्जेतल्या मेझेन्कायमल पेशींच्या उत्पादनाला भारताच्या औषध नियंत्रकांनी रीतसर चाचण्यांनंतर मान्यता दिली आहे. आधी पायाचा रक्तपुरवठा तुटणाऱ्या बर्गर आजारासाठी, मग २०२२ मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी. मी ते सर्रास देत नाही, सासूबाईंसारख्या पार झिजलेल्या गुडघ्यात तर नाहीच. पण तिथे डोस ठरलेला, बॅच तपासलेली, आणि काही बिघडलं तर जाब विचारायला कोणीतरी आहे.

---

पेशीवेल्हाळ

मान्य, आणि बरं झालं लिहिलंत.

@मनस्वी, क्लिनिकला तीन गोष्टी विचारा. या उत्पादनाला औषध नियंत्रकांची मान्यता आहे का? नसेल आणि "संशोधन" म्हणत असतील तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत चाचणीचा क्रमांक काय? आणि चाचणी असेल तर पैसे का घेताय? आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यता नसलेला मूलपेशी उपचार फक्त चाचणीतच करायचा असतो, रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. उत्तर तोंडी नको, कागदावर मागा.

---

शंकासुर

यावरून ती "तरुण रक्ता"ची भानगड आठवली. म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचं रक्ताभिसरण शिवून जोडलं की म्हाताऱ्याच्या स्नायूंतल्या मूलपेशी जाग्या होतात, असं २००५ मध्ये आलं. मग २०१३-१४ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी सांगितलं की गुपित जीडीएफ११ या प्रथिनात आहे, वयानुसार ते घटतं, टोचलं की हृदय, स्नायू, मेंदू सगळं सुधारतं. २०१५ मध्ये नोव्हार्टिसच्या गटाने बॉम्ब टाकला: मोजायला वापरलेलं प्रतिपिंड जीडीएफ११ आणि त्याच्याशी मिळतंजुळतं मायोस्टॅटिन यांत फरकच करत नव्हतं, आणि त्यांच्या हाती जीडीएफ११ ने स्नायूंची दुरुस्ती उलट मंदावली. तिकडे अमेरिकेत एक कंपनी तोवर तरुणांचा प्लाझ्मा लिटरला ८००० डॉलरने विकत होती! २०१९ मध्ये एफडीएने कान पिळल्यावर थांबली.

माझा मुद्दा: निष्णात मंडळींना एका प्रथिनाचं नीट मोजमाप करताना घाम फुटला. क्लिनिकवाला शेकडो प्रथिनांची हमी देतो.

---

मनस्वी_डोंबिवली

विचारलं. फोनवर. "मॅडम, हे इम्पोर्टेड आहे, त्याला इथली परवानगी लागत नाही" असं उत्तर मिळालं. कागदावर द्या म्हटल्यावर डिस्काउंट सांगायला लागले. सासूबाईंना सांगून टाकलंय की नाही म्हणून. त्या म्हणाल्या, मग त्या पैशात गुडघा बदलून घेऊ का? हाडवैद्य, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

अण्णू

उशिरा आलो, पण कामाचा प्रश्न आहे. माझ्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला जखमा होण्याचा आजार) आहे. पहिल्या लेखातलं ते ताटलीतलं आतडं माणसात लावतात का? की फक्त उंदीरच नशीबवान?

---

पेशीवेल्हाळ

@अण्णू, लावलंय. जुलै २०२२ मध्ये टोकियोच्या वैद्यकीय आणि दंत विद्यापीठाने अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या एका रुग्णाच्या मोठ्या आतड्याच्या निरोगी भागातून तुकडा घेतला, त्यातल्या मूलपेशी अशाच प्रथिनांच्या जोरावर ताटलीत वाढवल्या आणि एंडोस्कोपने त्याच्याच जखमेवर बसवल्या. जगात पहिल्यांदा. उद्देश सुरक्षितता तपासण्याचा होता, आणि तो अजून कुठेही नेहमीचा उपचार नाही. कोणी इथे "ऑर्गेनॉइड थेरपी" (ऑर्गेनॉइड म्हणजे असंच ताटलीतलं छोटं अवयव) देतो म्हणालं तर वरचे तीन प्रश्न त्यालाही विचारा.

ताटलीतल्या आतड्याचा आज जास्त उपयोग औषध निवडायला होतो. सिस्टिक फायब्रोसिस या जनुकीय आजाराच्या रुग्णाच्या गुदाशयातून कणभर ऊती घेऊन उट्रेख्टला त्याचं छोटं आतडं वाढवतात आणि त्यावर औषध टाकतात. ते फुगलं तर औषध त्या माणसाला चालण्याची शक्यता बरीच. ज्या दुर्मिळ जनुकीय बदलांचे रुग्ण इतके थोडे की मोठी चाचणी होऊच शकत नाही, त्यांच्यासाठी हा फार मोठा आधार आहे. कोलायटिसमध्ये इतकं सरळ गणित नाही, कारण तिथे भांडण अस्तराचं आणि प्रतिकारशक्तीचं मिळून असतं, आणि ताटलीत प्रतिकारशक्ती नसते.

भावाचं सध्याचं औषध यातल्या कशाच्याही आशेवर थांबवू नका. आणि आजार आठ-दहा वर्षांचा झाला असेल तर ठरलेल्या वेळेला कोलोनोस्कोपी चुकवू नका. सतत जखम आणि सतत दुरुस्ती म्हणजे मूलपेशी सतत विभागत राहणं, आणि एपीसीबद्दल वर लिहिलंच आहे.

---

अण्णू

बारा वर्षं झाली आणि शेवटची कोलोनोस्कोपी लॉकडाऊनच्या आधीची. आजच फोन करतो त्याला.